काविळीची माळ आणि तुमचा जुना रिपोर्ट

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस लिहायला बसलो की डोळे भरायचे, म्हणून लिहिलं नाही. आज मात्र तुमच्यावर इतका चिडलोय की लिहिल्यावाचून राहवेना.

आधी तुमच्या अब्रूचं सांगतो. लिव्हरचा कॅन्सर म्हटल्यावर भेटायला येणाऱ्यांचे चेहरे एकदम समजूतदार व्हायचे. शेजारच्या अक्कांनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "स्वल्प, म्हणजे थोडी, घेत होते काय हो?" तुम्ही! खोकल्याच्या औषधात अल्कोहोल आहे का, हे भिंग लावून वाचणारे तुम्ही! दारू नव्हे, हिपॅटायटिस बीचा विषाणू, तो वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गपचूप बसतो, असं मी हेब्बाळच्या आपल्या अख्ख्या अपार्टमेंटला समजावत फिरलो. लोक मान डोलवायचे. विश्वास कुणाचाच बसला नाही.

घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या, असं तुमच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी हो म्हणालो आणि दहा महिने काढले. कधी ऑफिस, कधी ट्रॅफिक. खरं म्हणजे भीती. शेवटी तुमच्या सुनेनं, मानसीनं, एका शनिवारी लॅबच्या माणसालाच घरी बोलावलं. पळायला जागा उरली नाही.

आईचा रिपोर्ट स्वच्छ. मानसीचा आणि तुमच्या नातीचाही. तिला तर जन्मल्याबरोबर लस दिलेली. माझ्या रक्तात मात्र तुमचा विषाणू सापडला. नाक तुमचं, टक्कल तुमचं, आता हेही? डॉक्टर म्हणाले, नक्की कसा आला ते सांगता येणार नाही. लहानपणी आला असेल, एकच रेझर वापरल्यानंही येतो. कॉलेज संपेपर्यंत मला स्वतःचं ब्लेड कुठं मिळालं होतं, अण्णा? 'माझं अजून चालतंय की,' म्हणायचात ना!

आईनं लगेच माझं ताट वेगळं केलं. एकत्र जेवल्यानं काही होत नाही, हे मानसीनं तिला तीनदा समजावलं. मग तिनं दुसरा उपाय काढला. "बेळगावला मामाला फोन लावते की. कुरिअरनं माळ पाठवील."

तुमची लाडकी काविळीची माळ! तरुणपणी तुम्हाला कावीळ झाली, डोक्यावर औषधी मुळ्यांची माळ घातली, ती वाढत वाढत गुडघ्याखाली उतरली आणि कावीळ पळाली, ही कथा आम्ही प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकलीय. आम्ही हसायचो. पण खरं सांगू? या वेळी क्षणभर मलाही ती हवीशी वाटली. माळ निदान 'संपलं' असं तरी सांगते. डॉक्टर तसं काही सांगत नाहीत. ते फक्त पुढची तारीख देतात.

मग त्यांनी तुमचे जुने कागद मागितले, म्हणून तुमची फाइल उघडली. तिच्यातल्या गॅसच्या पुस्तकात घडी घातलेला एक रिपोर्ट निघाला, पंधरा वर्षांपूर्वीचा. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. खाली तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'माळ पूर्ण उतरली होती. रिपोर्ट चुकीचा. घरी सांगू नये.'

मी आधी हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

तुम्हाला माहीत होतं, अण्णा! कुणाला घाबरलात? लोकांना, की आईला? तेव्हाच बोलला असतात तर औषधं सुरू झाली असती, तपासण्या झाल्या असत्या. कदाचित आज तुम्ही समोर बसून माझ्या पोटाच्या घेराबद्दल भाषण देत असतात. ते भाषण मी निमूट ऐकलं असतं हो.

आणि माझंही ऐका. गुरुवारी माझी पहिली सोनोग्राफी आहे. एकट्यानं जाऊन यायचं आणि काही वाईट निघालं तर तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं मीही मनात ठरवून ठेवलं होतं. तुमचा कागद वाचला, स्वयंपाकघरात गेलो आणि आईला सांगितलं की मला फार भीती वाटतेय. तिनं गॅस बंद केला. "मी येते की बरोबर," म्हणाली.

शब्द देतो, अण्णा. दर सहा महिन्यांनी जाईन. आणि जो काही रिपोर्ट येईल, तो घरी आल्याबरोबर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवीन. वाईट असला तरी.

तुमच्यावर रागावलेला आणि तुमच्यावाचून अडलेला,
श्रीकांत