सावळारामने लावलेली हळद

प्रिय सावळाराम,

हळदीचा प्रसंग संपायच्या आत तू थेटरातून उठून गेलास, तेव्हा पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितोय. अख्ख्या वळ गावाला तू दोन बस करून पिक्चरला नेलंस. महिनाभर ओट्यावर बसून येईल-जाईल त्याला सांगत होतास, 'आपुन पिक्चरमदी काम केलंय.' केलंस खरं, आणि फार सुंदर केलंस.

शाळेत आपण एका बाकावर. मी कविता चालीवर म्हणायचो, तू बाकावर ठेका धरायचास. गुरुजी म्हणायचे, देवानं एकाला शब्द दिलेत, दुसऱ्याला पाय. कवितेत पाखरं यायची, नदी यायची, आणि मागल्या बाकावरून तुझी धाकटी बहीण बायजा दोन वेण्या हलवत माझी विसरलेली ओळ पुरवायची. असो. तुझे पाय अजून तसेच आहेत. बेंजो वाजला की तू नाचणार. हळद कुणाची, हे आपल्याकडे विचारतो कोण? शूटिंगवाले तुझ्या गोडाऊनपुढे मांडव घालून बसले तेव्हाही तू विचारलं नाहीस. हसती-खेळती लव्हस्टोरी आहे, एवढंच त्यांनी तुझ्या हरेशला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं रे.

नवरी पाटावर बसलेली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. 'काका, मनापासून लावा,' असं ते म्हणाले. तू दोन्ही हातांनी लावलीस आणि वर स्वतःच्या मनानं आशीर्वाद दिलास, 'सुखात ऱ्हा गो पोरी!' तो त्यांनी तसाच ठेवलाय. मग पडद्यावर पदर वर गेला, आणि साठीची पोरगी लाजली. पांढरे केस, कुंकवावाचून कोरं कपाळ, गालांवर तुझी बोटं उमटलेली. मग ज्या शिट्ट्या वाजल्या, त्यात तुझ्या खुर्चीचा आवाज मला एकट्यालाच ऐकू आला असेल.

गेल्या वर्षी तुझ्या अंगणात मी एवढंच मागायला आलो होतो, बायजाला माझ्या नावाची हळद लाव. माझी रंगू जाऊन सहा वर्षं झालेली, बायजाचा नवरा तर त्याआधीच गेलेला. तू चार माणसं गोळा केलीस आणि त्यांच्यादेखत म्हणालास, 'ए कवी, स्मशानाची कविता पाठ कर आता! कपाल पांढरं झालेल्या बाईला कोन हलद लावतो रं? लाज हाय का न्हाय?' चौघं खो खो हसले. बायजा दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. वर तू गावाला बजावलंस, हिला कुणाच्या कार्याला बोलवायचं न्हाय. वर्षभर गावात बेंजो वाजत राहिले आणि ती तुझ्या ओट्यावर बसून ऐकत राहिली. मला पूर्वी चांदणं पाहिलं की ओळी आठवायच्या. या वर्षात फक्त तुझा चेहरा आठवला. काय करावं तुझं, ते काही सुचेना. शेवटी तूच केलंस, तेही रंगीत आणि भल्या मोठ्या पडद्यावर.

दिवे लागले. बायजा माझ्या शेजारी, मागच्या रांगेत होती. गावातल्या प्रत्येक नवरीला पहिली हळद लावणारी ठकुबाई खुर्चीला धरून उभी राहिली आणि ओरडली, 'सावल्यानं परक्या बाईला लावली, मंग आपल्या बायजाला कोन न्हाय म्हनतो, बघू!' तुझे ते चौघं मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. त्या दिवसापासून बायजा ठकुबाईकडेच आहे, हे तुला कुंपणावरून दिसतच असेल.

आता पत्राचं कारण. रविवारी आमची हळद आहे, ठकुबाईच्या अंगणात. बायजा स्वतः घरोघर जाऊन बोलावणं करून आली, गावात एकही घर सोडलं नाही. तुझा हरेश येतोय, सून तर आत्तापासून पापड लाटतेय. तुझ्या नावाचं बोलावणं मात्र नाही. बोलावण्याशिवाय आपल्यात कुणी हळदीच्या मांडवात पाय ठेवत नाही, हे तुला मी सांगायला नको. मी तिला म्हटलं, भाऊ आहे तुझा. ती म्हणाली, 'वरीसभर म्या ऐकला. एक रात त्याला ऐकू दे.' मी बेंजोवाल्यांना तुझ्या घराकडे तोंड करून बसायला सांगितलंय.

तुझाच बाकसोबती,
रामनाथ