घरी कोणाला कळवू?

प्रिय आई,

नमस्कार. आधी अक्षर बघ, म्हणजे उजवा हात धड आहे हे कळेल. डावा बेकरीच्या मशिनमध्ये सापडला होता. आता टाकेही निघालेत, रडू नकोस.

इमर्जन्सीत नर्सबाईंनी विचारलं, "घरी कोणाला कळवू?" तू घाबरशील म्हणून मी म्हणालो, "कोणी नाही." ते ऐकून त्या ड्यूटी संपल्यावरही घरी गेल्या नाहीत. टाके घालताना माझ्या कपाळावरून हात फिरवत बसल्या. जन्मभर विसरणार नाही. पण ती माया मी खोटं बोलून लाटली.

आज त्यांना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. खिशातलं पेन देत म्हणाल्या, "माझाही मुलगा लांब असतो. त्याचंही नेहमी सगळं छान चाललेलं असतं."

तुझा गुडघा बरा आहे, असं तू लिहितेस. खरंच आहे का गं?

तुझा,
धाकटा