एकसष्ट विहिरी

खडकी, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय कचरूमामा,
सविनय जय भीम.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. पत्र बघून हसू नका. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि आईच्या फोनवरून मी नुसतं "मामा" म्हटलं की तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते. चार महिने नेमकी तेव्हाच? म्हणून हे पोस्टाने.

बातमी आधीच सांगते, पोटात मावत नाहीये. तुमच्या विहिरी जागेवर आहेत! एकसष्टच्या एकसष्ट!

झालं असं. आमच्या संस्थेकडे नकाशाचे त्र्याऐंशी थर आहेत. रस्त्यांचा एक, ओढ्यांचा एक, विहिरींचा एक, असे. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. ती सपाट करताना कुठली पद्धत धरली, ते प्रत्येक थरात लिहिलेलं असतं. त्याला प्रक्षेपण म्हणतात. एकेक थर उघडून बघायचा मला कंटाळा, म्हणून संगणकाला बारा ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली: प्रत्येकाला विचार, तुझं प्रक्षेपण कुठलं, माप मीटरमध्ये की फुटात. शाळेत हजेरी घेतात तसं.

उत्तरांच्या यादीत अठ्ठेचाळिसाव्या ओळीला तुमचं जुनं नकाशाचं शीट आलं, तुमच्या डायरीतल्या विहिरी तुम्ही ज्यावर मांडल्यात आणि आम्ही स्कॅन केलं ते. उत्तर: जुनी भारतीय पद्धत. पुढच्याच ओळीला त्या शीटवरून काढलेल्या तुमच्या विहिरी. उत्तर: नवी, उपग्रहाची पद्धत. अहो, एकाच कागदाची दोन उत्तरं! विहिरींचं लेबल बदललं आणि सगळे ठिपके एकदम शंभरेक मीटर सरकून ओढ्या-रस्त्यांशी बरोबर जुळून बसले. मी अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या तनयाला वाटलं पाल पडली.

खरं तर मला ऑक्टोबरमध्येच कळायला हवं होतं. सगळ्या विहिरी एकाच दिशेला, तेवढ्याच अंतराने हललेल्या. हाताने चूक झाली तर एक इकडे जाईल, एक तिकडे. पण मी मीटिंगमध्ये बारा जणांसमोर काय म्हणाले? "जुनी डायरी आहे, मोजणीत गफलत दिसते." चौतीस वर्षं सरकारी मोजणी केलेले तुम्ही, एवढंच म्हणालात, "असेल. डोळे कुठे पूर्वीसारखे राहिलेत." डायरी पिशवीत घातलीत, चहा तसाच ठेवून निघालात. संस्था ज्या जुन्या विहिरी साफ करून घेणार होती त्या यादीतून तुमच्या विहिरी गेल्या, आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येणंही तुम्ही सोडलंत.

गेल्या रविवारी मी खडकवासल्याच्या पुढे जाऊन आले. सतरा नंबरची विहीर एका गोठ्यामागे निघाली, वर पत्रा टाकलेला. गोठ्याचे मालक रंगराव म्हणाले, "आवं, हितं हीर हाय हे आमच्या पोरांनाबी ठावं न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, माझ्या मामानं. पत्रा सरकवला. खाली पाणी होतं मामा, स्वच्छ, नितळ! मला नाचावंसं वाटलं. थोडं नाचलेसुद्धा, रंगरावांना विचारा.

आता खरं लिहिते. लेबल चुकलं म्हणाले, पण कोणी लावलं ते मघापासून टाळतेय. स्क्रिप्टने दिलेल्या यादीच्या शेवटच्या रकान्यात थर कोणी बनवला ते येतं. तिथे माझं नाव होतं. पद्धत कुठली, असं सॉफ्टवेअरनं विचारलं होतं आणि मी न वाचता ओके दाबलं होतं. हे कळून आठ दिवस झाले. "सॉफ्टवेअरची चूक" म्हटलं असतं तर कोणी खोलात गेलं नसतं. दोन दिवस मी तेच म्हणायचं ठरवलंही होतं. लाज वाटते हो.

येत्या सोमवारी अकरा वाजता मीटिंग आहे, तीच खोली, तेच बारा जण. उभी राहून पहिलं वाक्य मी हेच बोलणार: "मोजणी बरोबर होती, चूक माझी होती." तुम्ही नाही आलात तरी बोलणार. पण या ना मामा. ते वाक्य मला तुमच्याकडे बघून बोलायचंय.

चुकलेली, आणि कधी नव्हे इतकी आनंदात असलेली,
तुमची दीक्षा