मामांचा जोड आणि आईची लोकर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. आठवडाभर मी तुमच्या जीपखाली आडवाच होतो, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत. फक्त पालथं व्हावं लागलं. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? नात आता मान धरू लागली असेल. इकडे आई ठणठणीत आहे. (जरा जास्तच. कारण पुढे येईलच.)

जीपच्या मागच्या एक्सलवर स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक तुम्ही स्वतःच्या हातानं वेल्ड केलीत आणि मामींनी जाहीर केलं की भाच्यानं लेखी दिल्याशिवाय लेकीकडे जाणाऱ्या डोंगराच्या रस्त्यावर त्या या गाडीत बसणार नाहीत. बस लेकीच्या घरापर्यंत जात नाही. म्हणजे आजी-आजोबांना नात दिसायची की नाही, ते माझ्या पत्रावर आलं. मी खोटं बोलत नाही म्हणून मामींनी मला निवडलं म्हणे. पण खोटं न बोलणं वेगळं आणि खरं काय ते कळणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगावं? शिवाय मन अगोदरच कलुषित होतं. तुम्ही वेल्ड केलेली लोखंडी खुर्ची अजून आमच्या ओसरीत आहे आणि तिच्यावर आम्ही फक्त लवकर उठावेत असे पाहुणे बसवतो.

आधी जीप गॅरेजवाल्या पैलवानाकडे नेली. त्यानं जोडावर हातोडी मारली, कान लावला आणि म्हणाला, "खणखणीत वाजतंय. न्या." वाईट जोड कसा वाजतो, असं मी विचारलं. "वाईट वाजला की कळतं," तो म्हणाला. (घरी येऊन मी फाटक, पातेली, पाण्याची टाकी आणि ती खुर्चीही वाजवून पाहिली. सगळंच खणखणीत वाजलं. खुर्चीसुद्धा! तेव्हा माझा या पद्धतीवरचा विश्वास उडाला.) दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी माझी ब्याद टळावी म्हणून त्यानं दोन फवाऱ्याचे डबे हातात ठेवले, एक लाल, एक पांढरा. जोड घासून लख्ख करायचा, लाल रंग मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचा आणि वर पांढरा मारायचा. भेग असेल तर तिच्यात दडलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. तुम्ही मारलेला चंदेरी रंग त्यासाठी खरवडावा लागला, त्याबद्दल क्षमा असावी. (तो एवढा जाड का होता, हा प्रश्न मनात आला. तो विचारणं सौजन्याला धरून नाही म्हणून विचारत नाही.)

पांढरा मारला, वाट पाहिली आणि लाल रेघ वर आली. चांगली दोन बोटं लांब, टोकाला किंचित वळलेली. मी ती दोनदा मोजली. आणि खरं सांगायचं तर मोजताना थोडं बरंही वाटलं, कारण तपासणी फुकट गेली नव्हती. असं वाटणं नीचपणाचं आहे का, यावर रात्री रोजनिशीत पान भरलं. निकाल लागला नाही. पण त्या वेळी मी मनातल्या मनात तुम्हाला लिहू लागलो होतो, "कळवण्यास अत्यंत वाईट वाटते की..." एवढ्यात आई चहा घेऊन आली.

"सापडलं का खोट काढायला काही?"

मी रेघ दाखवली. आईनं चष्मा चढवला, जमिनीवर बसली, वाकली आणि नखानं ती भेग उचलली. मामा, भेग निघून आली! आईनं ती बोटांत फिरवली, पुसली, उजेडात धरली.

"ही माझी लोकर आहे," ती म्हणाली.

मी जे फडकं वापरलं ते तुमच्याच सीटखालचं होतं. आईनं तुम्हाला विणून दिलेल्या स्वेटरची पाठ. तुमचा जोड इतका खडबडीत आहे की त्यात लाल रंग प्यालेला धागा अडकून राहिला. "मान मोडून विणला, तर यानं तेल पुसायला घेतला!" एवढं बोलून आई आत गेली. चहाही परत नेला.

मग मी माझा पांढरा बनियन फाडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. रेघ नाही. पलीकडची बाजू पाहिली, तिथेही नाही. पण या रंगाला वरची भेग दिसते, आतली नाही. म्हणून जीपमध्ये वाळूची पोती भरून खाणीच्या रस्त्यावरून आणली आणि पुन्हा तपासली. स्वच्छ. तेव्हा मामींसाठी लेखी देतो: जोड दिसायला वारुळासारखा आहे, पण माझ्या नजरेला पडेल अशी एकही भेग त्यात नाही. गाडी खुशाल न्या.

तुमचा भाचा

ता. क. गाडी खुशाल न्या असं वर लिहिलं आहे, पण किल्ली आईच्या चष्म्याच्या घरात आहे आणि ते घर तिच्या उशाखाली. स्वेटरला कसर लागली होती, अशी सारवासारव मी तुमच्या वतीनं करून पाहिली. "मी विणलेल्याला कसर लागत नाही," असं उत्तर मिळालं. तेव्हा ते कारण तुम्ही वापरू नका.

आणखी ता. क. आईनं बारीक पांढरी लोकर आणली आहे आणि वीतभर काहीतरी विणते आहे. वर थंडी कितपत असते, असं मला सहज विचारलं. काल जीपच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं, तेही सहज. ती स्वतःहून "मलाही न्या" म्हणणार नाही. मरेल पण म्हणणार नाही. तुम्ही शनिवारी या आणि तुम्हीच "ताई, चल" म्हणा. येताना स्वेटरची उरलेली बाही असेल तर हातात नको, अंगात असू द्या.

आणखी एक. तुम्ही तिघं एका गाडीत बसणार हे ठरल्यासारखं झाल्यावर मी आज पहाटे पुन्हा एकदा जीपखाली जाऊन आलो. लेखी देऊन झालं होतं, तरी. काही नव्हतं. लोकरही नव्हती.