छकुलीचा दाखला

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

खोकला गेला, काळजी करू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

माझ्या छकुलीचा शाळेचा दाखला काढू नकोस. लेकीला इकडे परदेशात आणायचं तर व्हिसासाठी वेगळं घर दाखवावं लागतं, आणि पीएचडी होऊनही माझा निम्मा पगार या अर्ध्या खोलीतच जातो. सरांकडे वाढ मागितली, तर म्हणाले, "पीएचडीची मुलं याहून कमीत भागवतात." खरंय ते. त्यातलीच एक माझ्याबरोबर राहते; बैठकीत उरलेली बिस्किटं डब्यात भरून आणते. आता मीही आणते.

छकुलीला या वेळी 'पुढच्या वर्षी आई नेईल' म्हणू नकोस. माझा करारच मार्चमध्ये संपतोय.

काल फोनवर ती मला 'अहो' म्हणाली. तू शिकवलंस का गं?

तुझी,
थोरली