गवतावरचे तीन वळू

मानेसर,
१४ जुलै २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आईकरवी निरोप दिला की त्यात तिची भर पडते. म्हणून पत्रच लिहिते.

नोकरीला दोन महिने झाले. अरवलीच्या पायथ्याशी रावसाहेबांचा फार्म आहे. हरियाणा जातीचे सहा तरुण वळू, पांढरेशुभ्र, आणि मी त्यांची डॉक्टर. प्रत्येकाला रोज आठ किलो भरडा, बाजरी, जव आणि मक्याचा. वैरण नावापुरती. अंग असं चकाकतं की बघत राहावं, पण रवंथ नीट नाही आणि दोघं जपून जपून पाय टाकतात. त्यातला एक बादल, रावसाहेबांचा लाडका.

मी त्यांना सांगितलं, धान्य जास्त होऊन पोटात आम्ल होतंय, त्याने खूर दुखावतात. ते म्हणाले, डॉक्टर साहिबा, सांड देखने की चीज़ होता है. मी म्हटलं, मग तीन मला द्या, मी गवतावर वाढवून दाखवते. ते हसले. चलो, दिए, म्हणाले. बादल मात्र दिला नाही. अट अशी की फेब्रुवारीत कृत्रिम रेतन केंद्राची समिती निवडीला येईल तेव्हा माझे तिन्ही पास झाले पाहिजेत, नाहीतर मी दुसरी नोकरी बघायची. मी बिल्कुल म्हणून मोकळी झाले.

तुम्ही खिलार वळू कसे वाढवलेत, ते सविस्तर लिहा. आईला सांगा, मी जेवते.

तुमची माया आहे तशीच असू द्या.

आपली,
विनया

आटपाडी,
२९ जुलै २०२४

चि. विनयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. पैज लावण्याआधी विचारायचे असते, लावल्यावर नव्हे. पण तू कोणाची मुलगी, हे आई मला दिवसातून दोनदा ऐकवते आहे.

आता ऐक. गवत म्हणजे उपास नव्हे. खोंड वाढीचा असतो. पाऊस आहे तोवर हिरवे पुरेल. वाळले की त्यात कस राहत नाही. तेव्हा पेंड दे, मीठ दे. धान्य वाईट नाही, ढीग वाईट. आणि रोज चालव. वळू पायांवर उभा असतो, पाठीच्या मांसावर नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू सातवीत असताना आपला माणिक कर्नाटकात विकला, असे मी सांगितले होते. ते खोटे. प्रदर्शनात पहिला यावा म्हणून मी त्याला दोन महिने मक्याचा भरडा चारला. पहिला आला. आठ दिवसांनी त्याला उठता येईना. खूर हाताला गरम लागत. महिनाभर मी मळ्यातल्या गोठ्यात त्याची कूस बदलत होतो, पण तो उठला नाही. तू रोज त्याच्याबद्दल विचारत होतीस आणि माझ्याने सांगवेना. प्रदर्शनात मिळालेला फेटा मी त्यानंतर डोक्याला बांधला नाही.

प्रकृतीस जपावे. आम्हा दोघांची आठवण ठेवून लिहीत जा.

तुझा,
आबा

मानेसर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही. आधी तुमच्यावर रागावले होते. सतरा वर्षं मी माणिक कुठल्या गावात असेल याचा विचार करत होते! मग राग गेला आणि लाज वाटू लागली, कारण तुमचं ऐकलं नाही. मला गवत आणि फक्त गवतच सिद्ध करायचं होतं. ऑक्टोबरात डोंगर पिवळा पडला तरी मी पेंडेला हात लावला नाही. तिघांत धाकटा छोटू, त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. रावसाहेब कुंपणाशी उभे राहून म्हणाले, यह सांड है या बकरी?

त्याच दिवशी मोहरीची पेंड सुरू केली. इथे तिला खल म्हणतात. सोबत मूठभर जव, मीठ, आणि आता बरसीमचा हिरवा चारा. हवा इतकी धुरकट आहे की समोरचा डोंगर दिसत नाही, तरी तिघांना रोज तीन किलोमीटर चालवते. गडी म्हणतात, मॅडम, आज छुट्टी करो. मी करत नाही. दोघं छान भरलेत. छोटूला गाठायला वेळ लागेल. चूक माझी आहे, त्याची नाही.

लोभ कमी होऊ देऊ नका, रागावलात तरी.

आपली,
विनया

मानेसर,
२ मार्च २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. माझे दोन पास, पाय आणि वीर्य दोन्ही उत्तम. छोटू वजनात नापास. रावसाहेबांच्या तिघांत एक पास झाला, एकाचं वीर्य कमी पडलं. बादलला सिमेंटवर चालवायला आणलं, तर चार पावलांवर तो सगळ्यांदेखत बसला. रावसाहेब त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले.

अटीप्रमाणे मी हरले होते. दुसऱ्या दिवशी बॅग भरून ऑफिसात गेले आणि म्हटलं, जाते, पण बादलचा भरडा आजपासून बंद करा, खाली वाळू टाका, खूर तासून घ्या. त्यांनी विचारलं, कितने दिन में ठीक होगा? मी म्हटलं, सहा महिने, आणि तेही झाला तर. त्यांनी विचारलं, मग एवढं करणार कोण?

मी लगेच हो म्हणाले नाही, आबा. म्हटलं, सहाही जनावरांचं खाणं मी ठरवणार, आणि ते लिहून द्या. त्यांनी खुराकाचा तक्ता ओढून त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: डॉक्टर से पूछे बिना कुछ नहीं.

भरडा बंद करून आज दहावा दिवस. सकाळी बादलला वाळूवर आणलं. सहा पावलं चालून तो थांबला. गडी दोर ओढायला निघाला, त्याला मी अडवलं. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून सातवं पाऊल टाकलं.

आईला नमस्कार. दोघांचा आशीर्वाद पाठीशी राहू द्या.

आपली,
विनया