तिसऱ्या मजल्यावरची टोपली

आई, तुझी टोपली अजून माझ्याकडे आहे. दोरीसकट. भाईंदरचा फ्लॅट विकताना बाबांनी भांडीकुंडी वाटून टाकली, पण टोपलीला कुणी हात लावेना, म्हणून मी घेऊन आले. आगबिग लागली तर बाहेर पडायला म्हणून खिडकीच्या ग्रिलला जी चौकोनी झडप ठेवली होती, तिच्यातून तू ती खाली सोडायचीस. "भैया, मेथी ताजी है ना? कल का मत देना हां." मेथी वर यायची, सुट्टे पैसे खाली जायचे, कधी इस्त्रीचे कपडे, कधी शेजारच्या गुजराती काकीने पाठवलेला ढोकळा. सगळं खालीवर जायचं, तू सोडून. उत्तनकडे जाणारी बस खालून गेली की ती वळेपर्यंत तू बघत राहायचीस.

गिरगावातून भाईंदरला आलो तेव्हा तू अशी नव्हतीस. चाळीत तुझा पाय घरात ठरायचा नाही, असं बाबाच सांगायचे. मग मी नववीत असताना तो बाजाराचा दिवस आला. भांड्यांच्या दुकानासमोर तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. तुझे हात गार, छातीत धडधड, श्वास पुरेना. "मी मरतेय गं," म्हणालीस. दुकानदाराने पायरीवर बसवून पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, गॅस झालाय, जिरं चावून खा. तू खाल्लंस. पुढच्या आठवड्यात तू बाजार सोडलास, दिवाळीनंतर खालचं दुकान, आणि उन्हाळा येईपर्यंत जिनाही. आणि आम्ही काय केलं, तर बाबांनी चांगली लांब दोरी आणून दिली. घरकोंबडी म्हणून आम्ही तुला चिडवायचो आणि तूही हसायचीस.

अकरावीला मी मानसशास्त्र घेतलं आणि फार शहाणी झाले. व्यक्तिमत्त्वाचा धडा झाला तशी घरीदारी सगळ्यांना नावं ठेवत सुटले. बाबा तापट, गुजराती काकी बहिर्मुख, तू अंतर्मुख. शब्द सापडला की माणूस कळला, असं वाटायचं ते वय. सरांनी सांगितलं होतं, घरातल्या एका माणसाकडून ताणतणावाची प्रश्नावली भरून आणा. ज्याला प्रश्न विचारायचे त्याला प्रयोज्य म्हणायचं. तू ओट्याशी तांदूळ निवडत होतीस. "म्हणजे मी तुझा बेडूक होय गं?" म्हणालीस, पण पदराला हात पुसून मुलाखतीला आल्यासारखी स्टुलावर ताठ बसलीस. पंचवीस प्रश्न. मी वाचत जातेय, तू विचार करकरून उत्तरं देतेयस. एकाही उत्तरात थट्टा नाही. वहीत मी निष्कर्ष लिहिला, प्रयोज्य शांत, समाधानी व अंतर्मुख. सरांनी दहापैकी नऊ दिले.

उत्तनजवळच्या चौक गावाहून मासे घेऊन येणारी ती मावशी आठवते? तिने तुझ्या टोपलीत कधी मासे टाकले नाहीत. "मावरा असा दोरीनं घेतात काय?" म्हणत तीन मजले चढून यायची आणि उंबऱ्याशी बसून तुझ्याशी बोलत राहायची. एकदा तिने मला जिन्यात अडवलं. "बाय, तुजी आय घरकोंबडी न्हाय. तिला भ्या वाटतंय. हात धर न् रोज दोन पायऱ्या खाली ने तिला." माझं बारावीचं वर्ष सुरू होतं. मी म्हटलं, "मावशी, तिचा स्वभावच तसा आहे." तिने माझ्याकडे एकदा बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि उतरून गेली.

त्याच वर्षी माझ्या बक्षीस समारंभाला यायचं तू ठरवलंस. मोरपंखी साडी काढलीस. गजरा टोपलीतून मागवलास. दाराबाहेर पडलीस, पहिला जिना उतरलीस आणि दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभी राहिलीस ती राहिलीसच. ब्लाउज घामाने भिजलेला. बाबा घड्याळ बघतायत. आणि मी, मानसशास्त्रात पहिली आलेली तुझी मुलगी, म्हणाले, "आई, आज तरी नाटकं करू नकोस." तू मागे फिरलीस आणि एकटी वर गेलीस. त्यानंतर उंबरा ओलांडलास तो शेवटच्या आजारपणात, स्ट्रेचरवरून, आणि ते स्ट्रेचर नेमकं त्याच वळणावर अडकलं. मी पुढे होऊन हातसुद्धा लावला नाही. मला तिथे उभं राहवेना.

आता मी हेच शिकवते. भीतीची जागा टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी पाय आणखी मागे ओढतं, असं दरवर्षी सांगते. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग घरचे काय करतात?" मी बोलून गेले, "घरचे टोपली आणून देतात." वर्ग हसला, त्यांना विनोद वाटला. पहिल्या पगारातून मी तुला झाकणाची, वेताची नवी टोपली आणली होती. काकीला बोलावून दाखवलीस. माझ्याकडे आहे ती हीच.

दुसरा एक धडा मला त्याहून जड जातो. दुसरा चुकला की आपण त्याचा स्वभाव काढतो, आपण चुकलो की परिस्थिती पुढे करतो. तो शिकवताना मला त्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न आठवतो. या त्रासाबद्दल कुणाशी बोलावंसं वाटतं का? तू स्टूल जरा पुढे सरकवलंस. मग म्हणालीस, "हो. तुझे ते सर आहेत ना, त्यांच्याशी बोलता येईल का गं? येतील का ते वर?" मी 'नाही'वर खूण केली. तू वाकून बघितलंस. "असेल बाई, तुझ्या पुस्तकात तसं असेल," म्हणालीस आणि तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलंस. सर वर्गात उत्तरं वाचून दाखवायचे, मुली हसल्या असत्या, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. परिस्थिती, दुसरं काय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून खरं ते लिहिते. माझ्याबरोबरच्या मुली गळ्यात दोऱ्याला घराची चावी अडकवून यायच्या आणि घरी जाऊन डब्यातली गार पोळी खायच्या. आपल्या दाराला कधी कुलूप नसायचं. बेल वाजवली की तू असायचीस, तव्यावर पोळी असायची. तू बरी झाली असतीस तर बाहेर पडली असतीस. मला गळ्यात चावी नको होती, आई.